जखडलेल्या घोड्याला चाबूक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सारंगखेड्याच्या यात्रेवर आपण काढलेली पुरवणी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मी शहादा तालुक्यातली. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत पशुवैद्यक म्हणून सरकारी नोकरी केली आणि निवृत्त झाले. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा हा घोडेबाजार लहानपणापासून पाहत आले आहे. पुरवणीच्या एका पानावर वरच्या बाजूला घोड्यांच्या खुराकाचं कौतुक होतं. दूध, तूप, अंडी, हरभरा, बदाम, आणि एवढं सगळं खाऊन दावणीला उभ्या असलेल्या तुकतुकीत जनावराचा फोटो. त्याच पानाच्या तळाशी एक छोटी चौकट होती. मोकळ्या मैदानावरच्या दौडीत एक घोडा मधेच थांबला, मागचं पाऊल उचलेना, मालकाने चाबूक ओढला तरी जागचा हलला नाही. मथळा दिला होता 'ऐन वेळी घोड्याचे नखरे'.

वरचा मजकूर आणि खालची चौकट यांचा थेट संबंध आहे. तो लिहिणाऱ्याच्या लक्षात आला नाही आणि छापणाऱ्याच्याही नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझा परिचय कापा, पण मधला इतिहास राहू द्या ही विनंती. मुद्दा त्यातच आहे.

घोडा असा थांबला की आमच्याकडे अहिराणीत 'घोडा नाटक करी ऱ्हायना' (घोडा नाटक करतो आहे) म्हणतात आणि लगामाला झटका देतात. जाणते घोडेवाले मात्र 'जखडला' म्हणतात, आणि ते बरोबर असतं. पुठ्ठ्यांचे आणि कमरेचे स्नायू लाकडासारखे कडक होतात, थंडीच्या दिवसांतही अंगाला घाम फुटतो, श्वास वाढतो, नाडी धावते. पुष्कळदा लघवी गडद तपकिरी होते. युरोपात माल ओढायला घोडे होते त्या काळी हा आजार ठरलेल्या वारी दिसायचा. रविवारी घोडे तबेल्यात उभे, दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच. सोमवारी सकाळी गाडीला जुंपले की थोड्या अंतरावर जखडत. पूर्ण खुराक, विश्रांती आणि मग एकदम श्रम, हा क्रम आपल्या यात्रेत तंतोतंत घडतो. आठवडाभर दावणीला बांधून तूप-हरभरा चारायचा, ट्रकमध्ये उभा करून लांबून आणायचा आणि उतरवल्यावर गिऱ्हाइकासमोर पळवायचा.

सेवेत असताना अशाच एका घोड्यापाशी मला बोलावलं होतं. देखणं काठेवाडी जनावर, रवाल चालीला नावाजलेलं. मालकाच्या हातात चाबूक होता आणि भोवती गर्दी. मी त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला तेव्हा बोट आत जाईना. लघवी झाली ती काचेच्या बाटलीत धरली आणि उजेडात ठेवली. मालक म्हणाला, "ताई, मूत्रातून रक्त जातंय." रक्त असतं तर लाल पेशींचा गाळ हळूहळू तळाशी बसला असता. तसा गाळ बसला नाही, वरपासून खालपर्यंत एकच रंग राहिला. कडक पुठ्ठे आणि असा रंग एकत्र दिसले की ते मायोग्लोबिन समजावं, म्हणजे स्नायूला लाल रंग देणारं आणि त्याच्यासाठी प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन. स्नायूच्या पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं, मूत्रपिंडात अडकतं आणि तिथे इजा करतं. अशा जनावराला चाबूक मारून चालवणं म्हणजे फुटणाऱ्या पेशी आणखी फोडणं. त्याला आम्ही जागेवरच उभं ठेवलं, अंगावर घोंगडी टाकली, सलाईन लावलं. घोडा वाचला. मालकाने मला विचारलं, "हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं?" तो प्रश्न मला अजून टोचतो, कारण थकलेल्या, पळवलेल्या जनावराच्या स्नायूत काहीतरी बदलतं ही गोष्ट विज्ञानाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

त्याआधी लोकांची समजूत अशी होती की मज्जातंतूंमधून कसलासा वायू किंवा रस स्नायूत भरतो आणि तो फुगतो, म्हणून हालचाल होते. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या यान स्वामरडॅम यांनी बेडकाचा स्नायू काचेच्या बंद नळीत ठेवला, टोकाच्या बारीक नळीत पाण्याचा थेंब ठेवला आणि मज्जातंतू चिमटला. स्नायू आकसला, पण थेंब वर सरकला नाही. म्हणजे बाहेरून काही भरलं जात नव्हतं. जे घडतं ते आतच घडतं हे त्यातून दिसलं. पण आत काय आहे हे सांगायला रसायनशास्त्राला आणखी शंभरावर वर्षं लागली.

१७८० मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले यांना आंबलेल्या दुधात एक आम्ल सापडलं, लॅक्टिक आम्ल. त्याच देशाचे बर्झेलियस यांनी १८०७ च्या सुमारास तेच आम्ल प्राण्यांच्या मांसाच्या रसात दाखवलं. शिकारीत दमेपर्यंत पळवलेल्या हरणांच्या मांसात ते जास्त सापडतं, असंही त्यांचं निरीक्षण पुढे नोंदलं गेलं. माझ्या व्यवसायातल्या कुणालाही इथे थांबावंसं वाटेल. शेतात शिरलेलं हरीण लोक आरडाओरडा करून पळवतात, ते विहिरीत पडतं, जाळी टाकून बाहेर काढतात. अंगावर जखम नसते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नंतर एक-दोन दिवसांत ते मरतं. लोक म्हणतात, धसका घेतला. भीतीचा भाग त्यात असतोच, पण पुष्कळदा पाठलागात स्नायू फुटलेले असतात आणि मूत्रपिंडं बंद पडलेली असतात. घोड्याच्या जखडण्याशी जवळचं नातं असलेला हा आजार आहे.

१८३२ मध्ये पॅरिसचे शेव्रल यांनी मांसाच्या रश्श्यातून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला, क्रिएटिन. आज धुळ्या-जळगावच्या व्यायामशाळांमध्ये डब्यांतून विकली जाते ती पूड हीच. पण शेव्रल यांच्यानंतर इतरांनी तो शोधला तेव्हा तो कधी सापडे, कधी नाही. हे कोडं जर्मनीत गीसेनच्या युस्टुस फॉन लीबिग यांनी सोडवलं. त्यांनी बैल, घोडा, कोंबडी, मासा अशा अनेक प्राण्यांचं मांस बारीक करून, पाण्यात धुऊन, पिळून तपासलं आणि १८४७ मध्ये सगळं प्रसिद्ध केलं. क्रिएटिन सगळ्यांत होतं. रक्तात सोडियमचे क्षार जास्त आणि मांसाच्या रसात पोटॅशियमचे, हेही त्यांनी दाखवलं. जखडलेल्या जनावराच्या रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदयाला धोका असतो, हे मला शिकवलं गेलं त्याचं मूळ इथवर जातं.

लीबिग यांच्या नोंदींमध्ये दोन कोल्हे आहेत. एक शिकारीत पाठलाग करून मारलेला. दुसरा गीसेनच्या शरीररचना विभागात दोनशे दिवस मांस खाऊ घालून बांधून ठेवलेला. शिकारीतल्या कोल्ह्याच्या मांसात क्रिएटिन दहापट निघालं. या दोन कोल्ह्यांपाशी मला नेहमी सारंगखेड्याची दावण आठवते. दोन जनावरं, एक हिंडणारं आणि एक खुंट्याला, यांचे स्नायू आतून सारखे नसतात, हे त्यातून त्यांना जाणवलं.

पण लीबिग यांनी यावरून जो निष्कर्ष काढला तो टिकला नाही, आणि तोच आपल्या पुरवणीच्या पानावर जिवंत आहे. श्रमात स्नायू स्वतःचंच प्रथिन जाळतो, म्हणून बळ हवं तर मांसासारखं पौष्टिक खा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या नावाने मांसाचा अर्क विकणारी मोठी कंपनी १८६५ मध्ये उभी राहिली. दक्षिण अमेरिकेत उरुग्वेच्या फ्राय बेंतोस गावी तिचा कारखाना होता आणि एक किलो अर्काला तीसेक किलो मांस लागायचं. त्या अर्कात प्रथिन जवळजवळ नव्हतं, पण नावाच्या वजनावर तो जगभर खपला.

त्याच वर्षी, १८६५ च्या ऑगस्टमध्ये, झुरिचचे दोन प्राध्यापक फिक आणि विस्लिसेनस स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. चढ १,९५६ मीटर. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिन असलेलं काही खाल्लं नव्हतं. पिष्ट तुपात तळून केलेल्या वड्या आणि साखरेचा चहा यांवर भागवलं. प्रथिन जळलं की त्यातला नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो, म्हणून वाटेत आणि नंतरही स्वतःची लघवी जमवून तिच्यातला नायट्रोजन मोजला. तो होता अगदी बेताचा. अंगातलं जेवढं प्रथिन जळालं तेवढ्यातून दोन माणसांना त्या उंचीवर नेण्याइतकी शक्ती निघूच शकत नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी अन्नपदार्थ जाळून त्यांची उष्णता मोजली आणि हिशेब पक्का झाला. डोंगर चढवला तो पिष्टाने आणि चरबीने. आमच्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन दिवसभर कापूस वेचणाऱ्या बायांना हे नवीन वाटणार नाही. पण घोड्याला अंडी-बदाम चारणाऱ्याला ते सांगायलाच हवं. घोडा गवत खाणारं जनावर आहे. कोरडा चारा, बेताचा दाणा, मीठ, पाणी आणि रोजची चाल यांवर त्याचा स्नायू घडतो. जास्तीचा दाणा आणि हरभरा यांतलं पिष्ट स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साठतं. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी ग्लायकोजेन १८५७ मध्ये यकृतातून वेगळं केलं आणि पुढे ते स्नायूंतही दिसलं. काही घोड्यांमध्ये जन्मतःच या साठवणीत दोष असतो. ती जनावरं फार लवकर जखडतात, आणि बाहेरून अगदी धडधाकट दिसतात.

आता ताठरण्याविषयी. हेल्महोल्ट्झ पुढे मोठे पदार्थवैज्ञानिक म्हणून नावाजले, पण १८४५ मध्ये ते पॉट्सडॅमच्या पलटणीत डॉक्टर होते. त्यांनी बेडकाचे पाय थकेपर्यंत विजेने आकसवले आणि विश्रांती घेतलेल्या पायांशी ताडून पाहिले. पाण्यात विरघळणारे पदार्थ कमी झाले होते आणि मद्यार्कात विरघळणारे वाढले होते. काय बदललं हे त्यांना सांगता आलं नाही, पण काम केलेला स्नायू रासायनिकदृष्ट्या वेगळा असतो हे मोजून दाखवलं. १८५९ मध्ये बर्लिनच्या द्यु बोआ-रेमाँ यांनी निळ्या लिटमसवर, म्हणजे आम्ल ओळखणाऱ्या कागदावर, विश्रांतीतला आणि थकलेला स्नायू टेकवला. थकलेल्याने कागद लाल केला. म्हणजे तो आम्लधर्मी झाला होता. त्याच सुमारास क्यूने यांनी बेडकाचे स्नायू गोठवून, कुटून, पिळून त्यांतला रस काढला. तो रस थोडा गरम होताच आपोआप गोठला. १८६४ मध्ये त्यांनी रसातल्या या गोठणाऱ्या प्रथिनाला मायोसिन नाव दिलं. मेल्यावर शरीर ताठतं ते याच गोठण्याने, असं त्यांना वाटलं होतं.

खरं कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०७ मध्ये केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी आधीच्यांची एक मोठी अडचण दूर केली. स्नायू कुटताना तो कुटण्यानेच आम्ल बनवतो, म्हणून प्रत्येकाचे आकडे निराळे येत. त्यांनी स्नायू बर्फासारख्या गार मद्यार्कात बुडवून आतली घडामोड जागीच थांबवली आणि मग मोजलं. थकलेला स्नायू प्राणवायूत ठेवला की जमलेलं आम्ल हळूहळू नाहीसं होतं, हे त्यांनी दाखवलं. दमलेल्या जनावराला उभं राहू द्या, श्वास घेऊ द्या, या सल्ल्यामागे हा प्रयोग आहे. पुढे वीस-पंचवीस वर्षं सगळे लॅक्टिक आम्लालाच स्नायूचं इंधन-यंत्र समजत राहिले. जखडण्याचा दोषही पुस्तकांनी त्यालाच दिला. तेही नंतर सोडून द्यावं लागलं.

ते सोडायला लावणाऱ्यांत एक नाव आपल्या देशातलं आहे, आणि ते कोणत्याही शाळकरी मुलाला विचारा, सांगता येणार नाही. यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, मग बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजण्याची एक पद्धत बसवली, ज्यात द्रावणाला निळा रंग येतो. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आम्ही ती पद्धत हाताने केली आहे, रंग चढेपर्यंत परीक्षानळीकडे बघत बसलो आहोत, पण तिच्या मागचा दुसरा माणूस आपला होता हे त्या तासाला कुणी बोललं नाही. ही पद्धत हाताशी असल्यामुळेच १९२७ मध्ये दोघांना स्नायूत क्रिएटिनला जोडलेला फॉस्फेट सापडला. स्नायू काम करतो तेव्हा ही जोडी तुटते आणि विश्रांतीत पुन्हा जुळते. लंडनमध्ये एगलटन दांपत्यालाही त्याच वर्षी तो पदार्थ दिसला होता. शेव्रल यांच्या रश्श्यातल्या स्फटिकाचं काम काय, हे पंचाण्णव वर्षांनी कळलं. १९२९ मध्ये फिस्के-सुब्बाराव यांनी आणि स्वतंत्रपणे जर्मनीत लोमान यांनी स्नायूतून एटीपी शोधलं, म्हणजे पेशीला कामासाठी शक्ती पुरवणारा फॉस्फेटयुक्त पदार्थ. १९३० मध्ये कोपनहेगनच्या लुंड्सगॉर्ड यांनी विष देऊन लॅक्टिक आम्ल बनणं पूर्ण थांबवलं, तरी स्नायू आकसत राहिला, आणि क्रिएटिन-फॉस्फेट संपल्यावर ताठ झाला. ताठ झाला हे महत्त्वाचं. पुढच्या संशोधनातून स्पष्ट झालं की स्नायूला आकसायला एटीपी लागतं तसंच सैल व्हायलाही लागतं. मेल्यावर शरीर ताठतं कारण सैल करणारं एटीपी उरत नाही.

जिवंत घोडा जखडतो त्याची कारणं याहून गुंतागुंतीची आहेत. त्यात पेशींमधली कॅल्शियमची ये-जा बिघडते, कधी वंशाचा दोष असतो, कधी खुराकाचा, कधी दोन्ही. पण ताठरलेला स्नायू सैल करणं जनावराच्या मर्जीवर नसतं. फटका बसल्याने ते साधत नाही.

या साऱ्या शोधांत बेडूक गेले, ससे गेले, हरणं, कोल्हे, बैल, घोडे गेले. त्यांच्या मांसातून मिळालेलं ज्ञान माणसाच्या दवाखान्यात पोहोचलं, क्रीडाप्रशिक्षकांकडे पोहोचलं, पुडीत भरून दुकानात आलं. तापीच्या काठावर दावणीला बांधलेल्या घोड्यापर्यंत ते आलं नाही. यात आम्हा पशुवैद्यकांची जबाबदारी मोठी आहे आणि वर्तमानपत्रांचीही आहे. यात्रेचं पान गावागावांत वाचलं जातं. घोडेवाला माझ्याकडे जनावर पडल्यावर येतो, तुमचं पान आधीच त्याच्या हातात असतं.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या यात्रेच्या पुरवणीत खुराकाच्या मजकुराशेजारीच या आजाराची चौकट द्यावी. त्यात एवढं असलं तरी पुरे. घोडा दावणीला नुसता उभा राहणार त्या दिवशी दाणा निम्म्याहून कमी करा, चारा भरपूर ठेवा. ट्रकमधून उतरवल्यावर पाणी दाखवा, हाताने हळू चालवा, लगेच पळवू नका. दौडीआधी चाल हळूहळू वाढवा. पाऊल आखडलं, पुठ्ठा कडक लागला, घाम फुटला की तिथेच थांबा. ओढून तळावर नेऊ नका, अंगावर पांघरूण घाला आणि डॉक्टरांना जागेवर बोलवा. लघवीचा रंग पाहून ठेवा. दुखणं थांबवणारं इंजेक्शन स्वतःच्या मनाने टोचू नका, मूत्रपिंडं आधीच अडचणीत असतात. विकत घेणाऱ्यानेही विचारावं की हा घोडा पूर्वी कधी जखडला होता का, कारण एकदा जखडलेला पुन्हा जखडण्याची भीती असते.

मजकूर मी लिहून देईन, मराठीत आणि अहिराणीतही. छपाईचे चार पैसे लागणार असतील तर तेही देईन. आणि ती चौकट छापणार असाल तर ती पुरवणी यात्रेच्या निदान आठ दिवस आधी काढा, कारण घोडे ट्रकमध्ये चढतात ते तेव्हाच.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्यक,
शहादा, जि. नंदुरबार